तीस सेकंदांचं आम्ल

डार्करूमच्या सिंकभोवतीच्या पांढऱ्या टाइल्स बुरशीने काळ्या पडल्या होत्या आणि मुलगी शनिवारी तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार होती. घरात रिकामी खोली ती एकच.

मुलीला लहानपणापासून दमा. मागच्या खेपेला वडिलांनी तिच्यासाठी म्हणून या बुरशीवर ब्लीच ओतलं होतं. त्या वासाने तिला अशी ढास लागली की दुसऱ्या दिवशीच ती परतली. नंतर फोन रोज, पण राहायला येण्याचा विषय निघाला की ती बाळाच्या लसीकडे वळायची. आता स्वतःहून म्हणाली होती, "येते. पण छाती भरली तर त्याच दिवशी निघेन. रुसायचं नाही."

वडील फोटोग्राफर. तीस वर्षं त्यांनी या खोलीत फोटो धुतले. आई शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. सारी गल्ली तिला बाई म्हणायची, म्हणून नवराही बाईच म्हणायचा.

गुरुवारी बाईंनी साबणाच्या पाण्याने टाइल्स घासल्या. लव गेली, डाग राहिले.

"ब्लीच आणू?" फोटोग्राफरांनी विचारलं.

"हात लावाल तर खबरदार! ब्लीचने रंग उडतो, थर तसाच राहतो. हा नळ किती वर्षं ठिबकतोय? पाण्यातला चुना टाइलवर चढलाय आणि बुरशी त्यात घर करून बसलीय. चुना विरघळला की तीही सुटेल. त्याला सौम्य आम्ल पुरतं."

त्यांनी लिटरभर पाण्यात चार चमचे लिंबूसत्त्व ढवळलं. व्हिनेगरही चाललं असतं, पण त्याचा वास राहिला असता. "हे लावा. मी नळाचा वॉशर घेऊन येते."

अर्ध्या तासाने त्या परतल्या तेव्हा फोटोग्राफर हात पुसत दारात उभे होते. टाइल्स जशाच्या तशा.

"बाई, तुमचं आम्ल अगदीच पुचाट निघालं."

"किती वेळ ठेवलंत?"

"तीस सेकंद. घड्याळ लावून. मग धुतलं. दोनदा केलं, उगाच बोल लावू नका."

बाई स्टुलावर टेकल्या. त्यांना हसू आवरेना. डेव्हलपरमधून काढलेला फोटो आम्लाच्या ट्रेमध्ये तीस सेकंद बुडवायचा की काम फत्ते. आम्लाला याहून जास्त वेळ द्यायची या माणसावर कधी पाळीच आली नव्हती.

"अहो, तो कागद होता. हा दगड आहे."

"मग वरून थोडं ब्लीच मारू. दोन्ही मिळून..."

"दोन्ही मिळून क्लोरीन होईल! विषारी वायू! बाळाच्या खोलीत?" बाईंनी ब्लीचची बाटली उचलली आणि थेट गच्चीवरच्या कपाटात कुलूपबंद केली.

मग जुनी फडकी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून त्यांनी टाइलवर चिकटवली. "कान द्या."

फोटोग्राफर वाकले. बारीक चरचर येत होती. "बोलतंय की हे!"

"चुना खातंय. गप्प झालं की नवं लावायचं."

दिवसभर ते तिथेच बसून होते. दर थोड्या वेळाने हाक यायची, "बाई, गप्प झालं!" पाचव्या हाकेनंतर प्लास्टिकच्या ब्रशखाली राखाडी चिखल सुटला. खालचा एक कोपरा मात्र शेवटपर्यंत पिवळटच राहिला.

शुक्रवारी फोटोग्राफरांनी कोणी न सांगता खिडकीचा काळा रंग खरवडला आणि तीस वर्षांनी ती उघडली.

शनिवारी मुलगी उंबऱ्यात थांबली. कडेवर बाळ, मुठीत दम्याचा पंप. वडिलांची नजर घड्याळावर.

"तीस सेकंद झाले," ते पुटपुटले, "खोकली नाही."

"अहो, जरा दम धरा," बाई म्हणाल्या.

मुलीने हळूच श्वास घेतला, मग एक खोल. "बाबा, इथे खिडकी होती?"

"होती. तुला कधी दाखवली नव्हती."

"बघू, संध्याकाळपर्यंत थांबते," ती म्हणाली. बॅग तिने उघडली नाही.

संध्याकाळी तिने आतून हाक मारली. "बाबा, बाळाचे लंगोट कुठे वाळत घालू?"

फोटोग्राफर उठले. फोटो टांगायची दोरी त्यांनी उघड्या खिडकीत बांधली आणि चिमट्यांचा डबा तिच्या हाती दिला.