बारकीचा इंटरव्ह्यू

"बाबा, आलं! मुलाखतीचं बोलावणं आलं!"

बारकी सलूनच्या दारात उभी राहून ओरडली, तेव्हा उस्तादांच्या हातातला वस्तरा हेडमास्तरांच्या गळ्यावर होता. एका गालाला फेस, दुसरा गुळगुळीत, आणि मधोमध थबकलेलं पातं. हेडमास्तर मान तसूभरही न हलवता ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाले, "उस्ताद, आधी ते शस्त्र खाली ठेवा. मग हवा तेवढा आनंद करा. जिवंत राहिलो तर मीही सामील होतो."

उस्तादांनी वस्तरा ठेवला, टॉवेलला हात पुसले आणि लेकीकडे पाहिलं. हॉस्पिटलातून ती थेट पळतच आलेली दिसत होती. अंगावर नर्सचा पांढरा ड्रेस, कपाळावर घाम, छाती भात्यासारखी वरखाली. मोबाईल बापाच्या नाकासमोर धरून ती नाचत होती, त्यामुळे त्यांना एक अक्षर वाचता येईल तर शपथ.

"म्हणजे लेखी पास?"

"पास!"

"मग आता पुन्हा ते बोर्ड?"

बारकीचं नाचणं जरा मंदावलं. "हो. पुन्हा ते बोर्ड."

लष्कराच्या नर्सिंग सेवेत जायचं तिनं ठरवलं त्याला आता बरेच दिवस झाले होते. गेल्या वर्षीही ती लेखी परीक्षेत पास झाली होती, आणि मुलाखतीत आपटली होती. खरं तर वॉर्डात तिचा आवाज असा, की थांबलेलं सलाईनही दचकून चालू व्हावं. पण तिथं लांबलचक टेबलामागे ओळीनं बसलेले बोर्डाचे अधिकारी दिसले आणि तिची दातखीळ बसली. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली होती, "बाबा, पाठ केलेलं सगळं पळून गेलं." नंतर आठवडाभर ती हळू आवाजात बोलत होती, आणि उस्तादांना ते घर आपलं वाटत नव्हतं. यंदाची संधी शेवटची. पुढच्या वर्षी वय बसणार नव्हतं.

घरात माणसं दोनच. बारकी शाळेत जायला लागली त्याच सुमाराला तिची आई गेली. तेव्हापासून पोर या सलूनच्या बाकावर वाढली. गिऱ्हाइकांच्या वर्तमानपत्रातून अक्षरं शिकली, गिऱ्हाइकांच्याच मांडीवर झोपली, आणि तिच्या बारीक चणीवरून पडलेलं 'बारकी' हे नाव नर्स झाली तरी अख्ख्या गल्लीनं सोडलं नाही. हल्ली लोक उस्तादांना विचारायचे, "एकुलती एक पोर, आणि तिला लष्करात धाडताय?" उस्ताद म्हणायचे, "मी कुठला धाडणारा? ती निघालीय." आणि गिऱ्हाइकाची हनुवटी धरून मान दुसरीकडे वळवायचे.

"गेल्या वेळी काय चुकलं?" फेसाचा गाल तसाच ठेवून हेडमास्तरांनी विचारलं.

"सराव तर रोज करायची," उस्ताद म्हणाले. "इथंच, या आरशासमोर."

"आरसा उलट प्रश्न विचारत नाही, उस्ताद. पोरीला खरंखुरं बोर्ड पाहिजे. आपण बसवू."

उभी हयात मुलींच्या शाळेत काढलेल्या माणसाचा शब्द. ठरलं ते ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीनं बारकीचा ताबाच घेतला. वजन थोडं कमी भरत होतं, म्हणून उस्ताद तिला उकडलेली अंडी आणि केळी अशा काही निष्ठेनं चारू लागले, की ती म्हणाली, "बाबा, लष्करात नर्स व्हायचंय, पैलवान नाही." सकाळी ती मैदानावर धावायची आणि मागून सुभेदार सायकलवरून शिट्टी वाजवत यायचे. सुभेदार ही पदवी त्यांना त्यांच्या मिशांनी दिली होती. सैन्यात ते होते खरे, पण कोठारावर, बूट आणि ब्लँकेटं वाटायला. पहिल्याच दिवशी चढावर त्यांचा दम निघाला आणि बारकीला मागे फिरून त्यांची नाडी बघावी लागली. "हेच तपासत होतो," धापा टाकत सुभेदार म्हणाले, "जवान पडला तर तू पुढे पळतेस, की मागे येतेस!"

दुकान बंद असतं त्या दिवशी शटर अर्ध्यावर ओढून बोर्ड बसलं. गिऱ्हाइकांच्या तीन उंच फिरत्या खुर्च्या दाराकडे तोंड करून लावल्या. मधे हेडमास्तर, उजवीकडे सुभेदार, डावीकडे शेजारच्या इस्त्रीच्या दुकानातल्या मावशी. खुर्ची फिरते हे कळल्यावर मावशींनी आधी एक सबंध चक्कर मारून घेतली आणि मग चेहरा कडक केला. उस्ताद बोर्डात नव्हते. ते कोपऱ्यात उभे राहून, काहीही गरज नसताना, कंगवे धूत होते.

"आत येऊ का, सर?" शटरखालून वाकून बारकी म्हणाली.

"ऐकू आलं नाही!" सुभेदार गरजले.

"आत येऊ का, सर!"

"ये. बस. लष्करातच का यायचंय तुला?" हेडमास्तरांनी विचारलं.

बारकीनं हातातला रुमाल आवळला. "लहानपणापासूनच मला देशसेवेची आवड..."

"साफ खोटं!" सुभेदार उसळले. "लहानपणी तुला एकच आवड होती, माझ्या मिशा ओढायची. जिवंत पुरावा समोर बसलाय."

"आणि तो रुमाल कशाला पिळतेस गं?" मावशी म्हणाल्या. "आत्ताच इस्त्री करून दिलाय."

बारकी हसली नाही. तिचे कान लाल झाले. ती उठली आणि शटरकडे वळली. "मला नाही जमणार, मास्तर. तिथंही हेच होतं. तोंड उघडलं की दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं बाहेर पडतं."

"मग ते नको बोलूस. इकडे बघ." हेडमास्तर खुर्चीतून उतरले आणि तिला परत बाकावर बसवून शेजारी बसले. "बोर्ड संपलं. आता मला नुसतं सांग, हे खूळ तुझ्या डोक्यात शिरलं कधी?"

बारकीनं पिळलेला रुमाल मांडीवर सरळ केला.

"पुराच्या वेळी," ती म्हणाली. "शाळेत लष्कराचं वैद्यकीय पथक उतरलं होतं ना? आमच्या हॉस्पिटलनं मला मदतीला पाठवलं होतं. एका म्हाताऱ्या बाईंना सलाईन लावलं, पण बाटली अडकवायला काही नाही. खिळा नाही, स्टँड नाही, सगळं वाहून गेलेलं. तर त्यांच्या ज्या मोठ्या नर्सबाई होत्या, मॅडम, त्या स्वतः बाटली धरून उभ्या राहिल्या. अशा!"

ती उठून उभी राहिली आणि तिनं हात ताठ वर केला.

"पाय चिखलात, हात वर, आणि तिथूनच सगळ्यांना हुकूम सोडतायत. 'तू दोरी आण. तू त्या पोराला पालथा कर. डॉक्टर, तुम्ही इकडे या आधी!' आणि डॉक्टर आले, बाबा! पळत आले! आमच्या हॉस्पिटलात मला 'ए सिस्टर' म्हणतात, आणि मी पळते. पळायला माझी ना नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की नर्सनं सांगितलेलं ऐकतातसुद्धा. मला तसं उभं राहायचंय, मास्तर. सगळे घाबरलेले असतील तेव्हा कुणीतरी बाटली धरून उभं राहायला लागतं. ते मला जमेल, असं मला वाटतं."

बोलता बोलता तिचा वॉर्डातला आवाज कधी परत आला ते तिलाही कळलं नाही. रस्त्यानं जाणारा एक माणूस शटरखालून डोकावून बघून गेला. सुभेदारांनी मिशी पुसली. मावशी म्हणाल्या, "अगं, हेच सांग की मग! एवढं चांगलं असून कुठं दडवून ठेवलं होतंस?"

"वाटलं, हसतील. म्हणतील, हिला हुकूम सोडायचेत."

"सोड की!" सुभेदार म्हणाले. "सैन्यात नाही सोडायचे तर काय लग्नाच्या पंगतीत?"

आता सगळेच हसले. हेडमास्तर पुन्हा खुर्चीत चढून बसले आणि कोपऱ्याकडे वळून म्हणाले, "उस्ताद, ते कंगवे झिजतील आता. तुम्हीही एक प्रश्न विचारा."

उस्तादांनी नळ बंद केला. काही विचारायचं नव्हतं असं नाही. वर्षभर एकच प्रश्न जिभेवर होता, पण बापानं विचारला असता तर तो प्रश्न राहिला नसता, पायातली बेडी झाला असता. आज बोर्डाच्या आडून विचारता येत होता.

"घरी कोण कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"वडील."

"अजून?"

"अजून कोणी नाही."

"मग तू गेल्यावर त्यांचं कसं व्हायचं?"

मावशी काहीतरी बोलणार होत्या, हेडमास्तरांनी डोळ्यांनी त्यांना गप्प केलं. बारकी बापाकडे सरळ बघत होती.

"स्वयंपाक ते माझ्यापेक्षा बरा करतात, सर, त्याची चिंता नाही," ती म्हणाली. "पण संध्याकाळी दुकान बंद करून घरी आल्यावर त्यांना दिवसभराचं सगळं सांगायला लागतं. कोण आलं, कोण काय म्हणालं. ते कुणाला सांगतील, हे मला माहीत नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मी त्यांच्यासाठी राहिले ना, तर ते मला माफ करतील, स्वतःला नाही करणार. त्यांना मी ओळखते."

उस्तादांनी ओले हात टॉवेलला पुसले.

"उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "फक्त मला सर म्हणू नकोस. उगाच सवय लागेल."

मुलाखतीच्या दिवशी मावशींनी इस्त्री केलेला ड्रेस घालून बारकी बसमध्ये उभ्यानंच आली. बसली तर घडी मोडेल, हा मावशींचा हुकूम होता. लष्करी छावणीच्या फाटकाशी उस्तादांना थांबवलं आणि ती एकटी आत गेली. बाहेर झाडाखाली आणखी काही बाप आणि आया उभ्या होत्या. उस्तादांनी वेळ घालवायला फाटकावरच्या शिपायाचे केस निरखले. कानामागे मशीन घाईनं फिरलं होतं. सांगावंसं वाटलं, पण शिपायाच्या खांद्यावर बंदूक होती.

उन्हं कलली तेव्हा बारकी बाहेर आली. डाव्या हातानं उजवा खांदा चोळत, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही न दाखवता.

"काय गं? पडलीस का कुठं?"

"बसमध्ये सांगते." पण तिला तेवढाही धीर नव्हता. फाटकापासून चार पावलांवरच ती सुरू झाली. "विचारलं त्यांनी, लष्करातच का. मी बाटलीचं सांगितलं. तर मधल्या मॅडम म्हणाल्या, 'तू किती वेळ धरू शकशील असा हात?' मी म्हटलं, 'माहीत नाही, मॅडम. आज बघू.' आणि केला वर."

"बोर्डासमोर?"

"हो! मग त्यांनी पुढचे प्रश्न सुरू केले. जखमी जास्त आणि माणसं कमी असतील तर आधी कुणाकडे जाशील? वरिष्ठांची चूक होतेय असं वाटलं तर काय करशील? मी उत्तरं देतेय आणि हात वर. एक सर उशिरा आत आले, त्यांना काही ठाऊक नाही, ते बिचारे म्हणाले, 'तुला काही विचारायचंय का?'"

उस्ताद रस्त्यातच थांबले. हसू त्यांच्या पोटातून वर येत होतं.

"शेवटी मॅडमनाच राहवेना. म्हणाल्या, 'अगं, घे आता हात खाली.' मी विचारलं, 'मॅडम, बाटली संपली का?'"

झाडाखालचे आईबाप वळून बघू लागले, इतक्या जोरात दोघं हसली. डोळे पुसत उस्तादांनी विचारलं, "आणि घरचं? काही विचारलं?"

"वडील काय करतात, विचारलं. मी म्हटलं, सलून आहे. माझ्या वडिलांपुढे भलेभले मान खाली घालतात."

परतीच्या बसमध्ये ती खुशाल बसली, ड्रेसची घडी गेली खड्ड्यात, आणि उस्ताद घरापर्यंत तिचा खांदा चेपत राहिले.

निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी उस्तादांनी सलूनला दुपारीच सुट्टी दिली. सुभेदारांनी नवी शिट्टी आणली आणि ती मावशींनी काढून घेईपर्यंत वाजवली. हेडमास्तरांनी बारकीला उत्तम शाईचं पेन दिलं आणि म्हणाले, "आता तू मला पाठ केलेलं काही लिहून पाठवलंस, तर याद राख."

रुजू व्हायच्या दिवशी लष्करी इस्पितळाच्या आवारात उस्ताद तिची ट्रंक घेऊन उभे होते. बारकी सूचनांवर सूचना देत होती: दुपारचं उभ्यानं जेवायचं नाही, पाय सुजले तर टाळाटाळ करायची नाही, आणि संध्याकाळी जे काही सांगायचं असेल ते फोनवर सांगायचं, जपून ठेवायचं नाही. उस्ताद "बरं, बरं" म्हणत होते. मग एक शिट्टी वाजली, तिनं ट्रंक उचलली, बापाच्या हाताला घट्ट धरलं, सोडलं आणि ती आत गेली.

थोड्या वेळानं सगळ्या नव्या मुली पांढऱ्या गणवेशात बाहेर आल्या आणि रांगा धरून मैदानापलीकडच्या इमारतीकडे चालू लागल्या. सगळ्या पाठमोऱ्या. सगळ्यांचे केस एकसारखे घट्ट बांधलेले, पावलं एकदम पडत होती. उस्तादांचा जन्म माणसांना मागून बघण्यात गेला होता. गर्दीत नुसती मान बघून ते सांगायचे, हा अमक्याचा मुलगा. त्यांनी पहिली रांग बघितली, दुसरी बघितली, डोळे बारीक केले, पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. आपली कोणती, ते काही कळेना.

शेजारचा एक बाप म्हणाला, "तुमची कुठली?"

"त्यातलीच एक," उस्ताद म्हणाले, आणि हात उंच करून सगळ्या रांगांनाच निरोप देत राहिले.