पुसलेला खोकला

मी एक जुना अल्बम आहे. जुना म्हणजे तीनच वर्षांचा, पण मोबाइलवरच्या गाण्यांना एवढ्यात म्हातारपण येतं. माझ्यात आठ संथ गाणी आहेत. ती लावून लोक डोळे मिटून पडतात, म्हणून माझं नाव ठेवलं ‘निवांत’. मित्रांनो, माझ्याइतकं खोटं नाव कुणाचं नसेल.

माझा जन्म जालन्यात, स्टेशनजवळच्या एका दुकानावरच्या खोलीत झाला. प्रितम कॉम्प्युटरवर संगीत रचायचा, दैवशाला गायची. दोघं कॉलेजपासूनचे मित्र. भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या, खिडकीत गोधडी कोंबलेली. पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून पंखा बंद. स्वतः घामाने निथळत ती दोघं लोकांसाठी गारवा तयार करायची. मला त्याचं हसू यायचं.

दैवशालाला खोकला होता. ओळ संपली की ती तोंडावर ओढणी धरायची.

“दवाखान्यात जाऊन ये ना,” प्रितम म्हणायचा.

“धुळीचा हाय रे. होईल बराबर. तू काढून टाक.”

आणि तो काढून टाकायचा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खोकला कुठे आहे ते दिसतं. तेवढा तुकडा निवडायचा आणि पुसायचा. तिची धाप पुसली, गाण्याआधीचं हसणं-बोलणंही कचरा म्हणून गेलं. असे सात महिने गेले.

मी बाहेर पडलो आणि कौतुक सुरू झालं. ‘किती शांत आवाज!’ असं लोक लिहीत. मीही फुशारलो. गावी हसनाबादला दैवशालाची आई केशरबाई मात्र फोनवर तिचा खोकला ऐकून मागे लागल्या होत्या, “डॉक्टरला दाखव गं.” तेव्हा दैवशालाने फोनवरूनच मला ऐकवलं.

“ऐक आई. येतो का कुठं खोकला? मला काही झालेलं न्हाई.”

आईने ऐकलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. ती खोटी साक्ष मी दिली.

एक्स-रे निघाला तेव्हा क्षयाने दोन्ही फुप्फुसं पोखरली होती. औषधं सुरू झाली, पण फार उशीर झाला होता. दिवाळीआधीच ती गेली.

महिन्याभराने केशरबाई त्या खोलीत आल्या.

“प्रितम, माही पोरगी बोलते का रे ह्याच्यात? गाणं नको. नुसतं बोलणं.”

प्रितमने सगळं धुंडाळलं. काहीच उरलं नव्हतं. शेवटी त्याने मलाच लावलं. सहाव्या गाण्याच्या शेवटी, सूर विरता विरता, एक बारीकसा खोकला आला. तेवढा त्याच्या नजरेतून सुटला होता.

“थांब,” केशरबाई म्हणाल्या. “ते पुन्हा लाव. ही हाय माही पोरगी.”

त्याने पुन्हा लावलं, परत लावलं. मग त्याला बघवेना.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी खोकत असेल, तर त्याचं ‘काही न्हाई’ ऐकू नका. हात धरून त्याला दवाखान्यात न्या. परवाच एकाने लिहिलं, ‘सहाव्या गाण्यात शेवटी खोकला येतो, काढून टाका.’ मी हात जोडतो, तेवढा राहू द्या. माझ्यात खरं तेवढंच आहे.