लेन्स गेलेली नव्हती

“लेन्स गेलीय,” आमचे हे म्हणाले. सीडी प्लेअरचं झाकणसुद्धा न उघडता.

बालवाडीच्या बाई तो प्लेअर लेकरासारखा छातीशी धरून दारात उभ्या होत्या. “काका, काहीच नाही का होणार? उद्या मुलांचा नाच आहे. बाकीची गाणी छान वाजतात हो, शेवटचं आलं की अडकतं. आणि नाच नेमका त्याच गाण्यावर!”

“नवीन घ्या. याचे भाग आता मिळत नाहीत.”

मी आत भाजी निवडत होते, ती तशीच टाकून उठले. या माणसाने आयुष्यभर रेडिओ, टेप आणि सीडी प्लेअर दुरुस्त केले, तेही घराच्या पुढच्याच खोलीत. शाळा माझ्या वाट्याला फारशी आली नाही, पण कान दोन मिळालेत आणि दोन्ही चालू आहेत. गिऱ्हाइकांना हे जे समजावत, ते मी स्वयंपाकघरातून ऐकत आले. सीडी आतून बाहेर वाजत जाते. पहिलं गाणं मधल्या भोकाजवळ, शेवटचं कडेला. लेन्स गेली तर पहिलंच गाणं लागणार नाही. म्हणजे हे धडधडीत खोटं बोलत होते.

का, तेही मला ठाऊक होतं. आजारपणानंतर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला आणि कामाच्या टेबलावर चादर पडली. तेव्हापासून येईल त्याला एकच निदान. परवा तर एकीच्या इस्त्रीचीही लेन्स घालवायला निघाले होते.

“बाई, ठेवून जा,” मी म्हटलं. “संध्याकाळी न्या.”

बाई वळल्या आणि हे माझ्यावर उखडले. “कोण करणार आहे?”

“मी.”

“तू?”

“का? मिक्सर कोण उघडतं?”

“उघडतेस तू. बंद मला करावा लागतो.”

मी प्लेअर स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, शेजारी हत्यारांची पेटी. हे पाठ करून पेपर वाचत बसले. मी पेटीतला सगळ्यात मोठा स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

“तो नाही,” पेपराआडून आवाज आला. “फुलीचा घे. लहान.”

“पेपरात छापून आलंय वाटतं?”

मी स्क्रूला हात घातला तसे हे खुर्ची सारून उठले. “अगं, आधी प्लग काढ! मला विधुर करतेस का?”

मग काय, माझ्या डोक्यावरच उभे. झाकण निघालं. वरची आडवी पट्टी निघाली. “ती सालपटासारखी चपटी वायर आहे ना, तिला धक्का लावू नकोस. आता ती चकचकीत दांडी बघ. तिच्यावरून लेन्स सरकते. बोटाने ढकल. हळू! कणीक तिंबतेयस का?”

ढकलली. अर्ध्यापर्यंत गेली अन् कडेजवळ फुगलेल्या ड्रॉवरसारखी अडली.

“ग्रीस,” हे म्हणाले. “जुनं. वाळून डिंक झालाय त्याचा.” आणि आपण काय बोलून बसलो ते कळून पेटीत काहीतरी शोधायला लागले.

“लेन्स परत आली म्हणायची.”

“बडबड कमी कर. स्पिरिट घे.”

काडीला कापूस गुंडाळून मी दांडी पुसली. कापूस काळाकुट्ट निघाला. मग नवीन ग्रीस.

“मोहरीएवढं. डोक्याला तेल थापत नाहीयेस.”

सगळं जागच्या जागी लावून मी प्लेअर चालू केला. आत काहीतरी घासलं, सीडी उगीच फडफडली आणि पुढच्या काचेवर अक्षरं उमटली. ‘नो डिस्क’.

यांचा चेहरा उतरला. “सांगत होतो. उगाच नाद केलास.” खिडकीशी जाऊन उभे राहिले, चादरीकडे पाठ करून राहत तसेच.

माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळलं. असं फारसं होत नाही. “बाईंकडे तर वाजत होता ना?” मी म्हटलं. “मग आता आपणच काहीतरी केलंय. तुम्हीच म्हणायचात, बिघाड सापडेना तर शेवटचा हात कुठे लावला ते आठवा.”

हे खिडकीपासून वळले. मग आले. “उघड.” वाकून बघितलं. “चकती कुठाय?”

“कसली चकती?”

“वरच्या आडव्या पट्टीतली. वरून सीडीला धरून ठेवते ती. चुंबकाची, गोल.”

मग आमची शोधाशोध. टेबलाखाली, भाजीच्या टोपलीत, माझ्या मांडीवर. हे ओणवे होऊन फ्रिजखाली झाडू फिरवत होते. फिरवता फिरवता थांबले. “तुझ्या चष्म्याची डबी उचल बरं.”

पत्र्याची डबी उचलली. तिच्या बुडाला चकती घट्ट चिकटलेली.

हे हसायला लागले. फरशीवरच बसून, झाडू मांडीवर घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आजारपणापासून या घराने तो आवाज ऐकला नव्हता. “आण इकडे,” म्हणाले, “ही मी बसवतो.”

डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. चकती थरथरत खाली निघाली. जागेजवळ गेली आणि चुंबकानेच तिला ओढून घेतलं. टक्‌. बरोबर मधोमध.

शेवटचं गाणं शेवटपर्यंत वाजलं. मी काही नाचले नाही, माझ्या कमरेचे प्रताप मला माहीत. मान हलली असेल.

बाई संध्याकाळी प्लेअर घेऊन गेल्या आणि कार्यक्रम उरकल्यावर धावतच परत आल्या. “काका, गाणं कुठ्ठे अडकलं नाही! मुलं अडकली! तालमीत त्या जागी थांबायची सवय लागली होती ना, सगळी एक पाय वर करून उभी, आणि गाणं गेलं पुढे! लोकांची हसून मुरकुंडी वळली.”

“मुलांचं ग्रीस वाळलं असेल,” हे म्हणाले. “आणा त्यांना.”

“आणि काका, एका आजींकडे असाच प्लेअर पडून आहे. तुम्ही बघता का, विचारत होत्या.”

मी यांच्याकडे बघितलं. “ले…” एवढं ओठांवर आलेलं मला दिसलं.

“आणू देत,” हे म्हणाले. “बघून सांगतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढच्या खोलीत केर काढायला गेले. चादर घडी करून कपाटावर ठेवलेली. कामाच्या टेबलाशी खुर्च्या दोन. उशी एकच होती, ती उजेडाकडच्या, हत्यारांच्या पेटीसमोरच्या खुर्चीवर. मी उशी उचलली, चांगली झटकली आणि बसले.