लाल न झालेली डिश

आमच्या प्रयोगशाळेला सगळे चरबीखाना म्हणायचे. मी तिथला मदतनीस, तेव्हा वय तिशीचं, अंगात खोड्या ठासून भरलेल्या. सरांच्या खुर्चीखाली भोंगा बांधणारा मीच. आता केस पिकलेत, खोड्या तशाच आहेत, पण ती मजा नाही राहिली.

तिथं एक ताई डुकरांच्या चरबीवर संशोधन करायच्या. डुकराच्या अंगात एक जनुक असतं, मुकादमासारखं. ते ओरडलं की कोवळ्या पेशी मुकाट चरबी साठवायला लागतात. त्याचं तोंड बांधायचा उपाय ताईंनी चार वर्षं घासून शोधला होता. आता दोन डिशमध्ये पेशी वाढवायच्या. एकीत मुकादम मोकळा, दुसरीत तोंड बांधलेला. आठव्या दिवशी लाल रंग घालायचा. तो फक्त चरबीला धरतो. दुसरी डिश लाल झाली की चार वर्षं पाण्यात. रंग घालायचा दिवस आला तेव्हा महिनाअखेरीला दहा दिवस उरलेले. नंतर सर ताईंचं टेबल दुसऱ्याला देणार होते.

ताईंनी रंग घातला, डिश धुतल्या आणि हात धुवायला गेल्या. मला राहवतंय होय! तोच रंग मी दुसऱ्या डिशच्या बुडाला बाहेरून फासला.

ताई आल्या. बघितलं. मला वाटलं किंचाळतील, मग हसू. त्यांनी शांतपणे फोन उचलला. "बाबा, नाही जमलं. त्या कारकुनाच्या जागेला हो म्हणून टाका."

माझी तंतरली. "ताई, अहो, रंग बाहेरून आहे! गंमत केली मी." बोटानं पुसून दाखवला. आतून डिश स्वच्छ.

"दादा, आता या डिशवर माझाच विश्वास नाही, सर कुठून ठेवतील? चरबी डुकरांना नाही, तुम्हाला चढलीय." मग म्हणाल्या, "गोठवलेल्या पेशींची एकच कुपी उरलीय. आठ दिवस माझ्याबरोबर बसायचं. एक जरी विनोद केलात ना..."

"नाही करणार."

"हा पहिला झाला."

काय दिवस होते ते! दिवसाआड पेशींवरचं गुलाबी पाणी बदलायचं, श्वास रोखून. ताई बोलायच्या नाहीत, पण डबा उघडला की निम्मा माझ्यापुढे सरकवायच्या. पाचव्या दिवशी त्यांनीच सरांची नक्कल केली, तर मी हसायलाच विसरलो. "आजारी आहात का हो?" म्हणाल्या.

आठव्या दिवशी रंग त्यांनी मला घालायला लावला. पहिली डिश लालभडक झाली. दुसरी घेऊन ताई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. उठेचनात. शेवटी बाजूला सरकल्या. "बघा."

मी बघितलं. इकडं सरकवलं, तिकडं सरकवलं. "ताई, मला तर काहीच लाल दिसत नाहीये."

"परत म्हणा."

"काहीच लाल नाहीये!"

"जोरात हो, दादा. सर शेजारच्या खोलीत आहेत."

मग मी घसा फुटेस्तोवर ओरडलो.