घरचा माणूस चालणार नाही

आमच्या देवव्रत सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं होतं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या: घरचा माणूस चालणार नाही.

मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट. प्रत्येकाने स्वतःचं संगीताचं मॅगझिन काढायचं. सोळा पानं. नाव शोधण्यापासून पिना मारण्यापर्यंत सगळं एकट्याने. कव्हरवर एक वाजवणारा नाहीतर गाणारा माणूस आणि आत त्याची मुलाखत. "आईबाप, काका, मामा, आत्येभाऊ, कोणी नाही," सर म्हणाले. "घरच्यांची मुलाखत म्हणजे नुसता कौतुकसोहळा. सापडलात तर प्रोजेक्ट बाद." आणि गेल्या वर्षी एका हुशाराने अख्खी मुलाखत मनातल्या मनात घेतली होती, म्हणून यंदा आणखी एक फर्मान. ज्युरीच्या दिवशी कव्हरवरच्या माणसाला सोबत घेऊन यायचं.

माझा माणूस ठरलेला होता. मरोळचा एक रॅपर. फोटो ठरले, प्रश्न तयार, फॉन्टसुद्धा त्याच्या चेहऱ्याला शोभेल असा निवडला. आणि छपाईला बारा दिवस असताना साहेब म्हणतात, मॅनेजरशी बोल. मॅनेजर म्हणजे त्याचा चुलतभाऊ. तो म्हणतो, भाई बिझी है. असला राग आला मला! फोन फेकणार होते, पण हप्ते चालू होते.

"वाट लागली ना यार," मी प्रियंकाला म्हटलं. ही चारकोपला आमच्याच सेक्टरमध्ये राहते, माझ्याच वर्गात आहे आणि फोटो झकास काढते.

"तुझे बाबा बेंजो वाजवतात ना?"

"हळू बोल की गं!"

माझे बाबा, श्यामकांत घाडी. दिवसा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लॅस्टिकचे डबे काढायच्या मशीनवर. संध्याकाळी आणि सणासुदीला 'नाना बेंजो पार्टी'चे नाना. अर्धी कांदिवली त्यांना नानाच म्हणते. बेंजो म्हणजे तारांची पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं. टेम्पोवर स्पीकर, बाजूला ढोल-ताशा, आणि पुढे नाचणारी पोरं. गणपती, हळद, वरात. कॉलेजात मी सांगितलं होतं की बाबा मशीन ऑपरेटर आहेत. ते खरंच होतं. बाकीचं कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दोन दिवस दुसरा कोणी मिळतो का शोधलं. नाही मिळाला. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना मी घरात जाहीर केलं. कव्हरवर तुम्ही. नाव फक्त 'नाना', आडनाव नाही. कॉलेजात आलात तर मला ओळखायचं नाही.

"म्हणजे मी तुझा कोण नाय?" बाबांनी विचारलं.

"पंधरा दिवस. कोणीच नाही."

"बरं," ते म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. इतक्या पटकन 'बरं' म्हणाले की मलाच कसंतरी झालं.

फोटो गोराईला काढले. तिकडे हळदीची सुपारी होती, म्हणजे वाजवायचं बोलावणं. खाडी ओलांडताना बोटीत बाबा मांडीवर बेंजो घेऊन बसले होते. वर आईची जुनी साडी गुंडाळलेली, खारा वारा तारांना लागू नये म्हणून. प्रियंकाने तेव्हाच फोटो काढला. बाबा कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते, पाण्याकडे बघत होते. तोच कव्हर झाला. वर लाल अक्षरांत मॅगझिनचं नाव, 'ठेका'. बाबांच्या डोक्यामागे 'का' थोडा लपला होता. मुद्दाम तसंच ठेवलं, मॅगझिनवाले ठेवतात तसं.

मुलाखत रविवारी घरीच. मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून टेबलाशी बसले, तर बाबा घरात नाहीत! तेवढ्यात बेल वाजली. दार उघडलं तर हे बाहेर उभे. इस्त्रीचा शर्ट, पावडर, केस विंचरलेले.

"नमस्कार मॅडम. मी नाना. कुठं बसू?"

"काय तुमची नाटकां ती!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. रत्नप्रभाबाई मुंबईत तीस वर्षं राहिल्या, तरी भडकल्या की थेट मालवणला पोचतात.

"ताई, जरा पाणी मिळेल काय?" बाबा आईला म्हणाले. आईने भांडं आपटलं, पण पाणी आणून दिलं.

मला हसू आवरेना. तरी मीही नाटकात शिरले. अहो-जाहो करून विचारायला लागले. सुरुवात कधी केली? चौदाव्या वर्षी. शिकवलं कोणी? कोणी नाही, एक म्हातारा वाजवायचा, त्याच्या मागे टेम्पोवर बसून बघितलं. अवघड काय असतं?

"मॅडम, बेंजोकडे बघायचं नसतं. नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघायचं. म्हातारी बाई नाचायला आली की हळू घ्यायचं, तिला वाटलं पायजे आपल्याला अजून जमतंय. वाटेत हॉस्पिटल आलं की मी स्वतः बंद करतो. मंडळाची पोरं शिव्या घालतात. घालू देत."

मी बघतच राहिले. एकवीस वर्षं या माणसाच्या घरात राहते मी. यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं ना! विचारायला मला मॅडम व्हावं लागलं.

मग मी यादीतला पुढचा प्रश्न विचारला. तो सगळेच सगळ्यांना विचारतात. "घरच्यांना आवडतं का तुमचं वाजवणं?"

"बायकोला आवडतं. मुलीला नाय आवडत."

स्वयंपाकघरातला आवाज बंद झाला.

"कशावरून?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"दोन वर्षं झाली. विसर्जनाची मिरवणूक होती, लिंक रोडला. ती कॉलेजच्या पोरींबरोबर फुटपाथवर उभी होती. आमचा टेम्पो जवळ आला तशी ती मेडिकलच्या दुकानात शिरली. टेम्पो पुढं जाईपर्यंत बाहेर आली नाय. मला वरून दिसत होतं ना सगळं."

"मग तुम्ही काय केलं?"

"वाजवत राहिलो. आपण थांबलो तर पोरांचा नाच मोडतो." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "राग नाय आला हां मॅडम. ते वयच तसं असतं. फक्त त्यानंतर त्या मंडळाची सुपारी घेतली नाय मी. चांगली सुपारी होती. पण म्हटलं, पोरीला परत लपायला लागू नये."

मी म्हटलं, एक मिनिट, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. मला वाटायचं त्यांनी बघितलंच नाही. दोन वर्षं मला वाटायचं, सुटले! मी रडले, चांगली धाय मोकलून रडले, आणि नळाच्या आवाजात ते बाहेर ऐकू गेलं नाही असं मी समजते. बाहेर आले तर बाबा तसेच खुर्चीत बसलेले. "मॅडम, झालं काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झालं. ते उठले, नमस्कार केला, दाराबाहेर गेले आणि परत बेल न वाजवता आत आले आणि शर्ट बदलायला गेले. त्या विषयावर घरात कोणी काही बोललं नाही.

मजकूर टाइप करताना मी तो भाग काढून टाकला. सरळ डिलीट. पण नववं पान अर्धं रिकामं पडलं. फोटो मोठा करून बघितला, जाहिरात टाकून बघितली, ओळींमधली जागा वाढवून बघितली. पान काही बसेना. पानाचं राहू द्या, मुलाखतच बसेना. आता ती नुसती कौतुकाची झाली होती, अगदी सरांनी सांगितलेल्या कौतुकसोहळ्यासारखी. प्रियंका स्क्रीनकडे बघत म्हणाली, "काहीतरी काढलंयस तू इथलं." मी तिच्यावर खेकसले. मग घरी जाऊन बाबांना विचारलं, ते छापू का.

"मॅडमनी विचारलं, मी सांगितलं," ते म्हणाले. "तुम्ही छापा."

छापलं. त्यांच्याच शब्दांत, एक अक्षर न बदलता.

ज्युरीच्या दिवशी वर्गातली बाकं भिंतीला लावून वर सगळी मॅगझिनं मांडली होती. गिटारवाले, डीजे, सेंट मारलेले कोण कोण आले होते. बाबा सुट्टी टाकून आले, हातात साडीत गुंडाळलेला बेंजो. दारातच मला वाकून नमस्कार केला. "नमस्कार मॅडम. घर... म्हणजे कॉलेज सापडलं बरोबर. तुमच्या वडिलांना आमचा नमस्कार सांगा."

प्रियंका तोंडाला ओढणी लावून बाहेर पळाली. इतकं करायची काय गरज होती? मी डोळे वटारले, तर हे आणखीच परके झाले.

देवव्रत सर आमच्या बाकाशी आले. कव्हर हातात धरून लांब नेलं, जवळ आणलं. पानं उलटली. नववं पान उभ्याउभ्या पूर्ण वाचलं. मग बाबांशी बोलले, कधीपासून वाजवता, तारा कुठून आणता. बाबा नीट उत्तरं देत होते. सगळं जमून येत होतं.

"श्रुतिका, चांगलं झालंय," सर म्हणाले. "वर्गातलं सगळ्यात चांगलं म्हणेन मी. फक्त एक चूक आहे. ही मुलगी. तिच्याबद्दल एवढं छापलंस, तिची बाजू कुठाय? भेटलीस का तिला?"

मी मॅगझिनच्या पिना चाचपत राहिले.

"ती बोलायला तयार नव्हती का?"

"हो सर," माझ्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे... नव्हती."

"मग तसं लिहायचं ना. एवढं शिकवलं मी." त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "ही ज्युरीची कॉपी. इथे खाली लिही: मुलीने बोलण्यास नकार दिला. एक ओळ. मग माझी काही तक्रार नाही."

मी पेन घेतलं. बाबांनी मला हळूच मानेने खुणावलं, लिही लिही. मी 'मुलीने' एवढं लिहिलं. पुढे हात जाईना. चार शब्दांचं वाक्य हो! मेडिकलच्या दुकानात पाच मिनिटं उभी राहिले होते, खोकल्याच्या गोळ्यांच्या किमती वाचत. आता परत तेच करायचं, तेही छापील कागदावर, त्यांच्यासमोर?

"सर, ती मुलगी मी आहे," मी म्हटलं. "हे माझे बाबा आहेत. मला लाज वाटायची त्यांची. आता माझी वाटते."

सर काही बोलायच्या आत बाबा पुढे आले.

"नाय हो सर! कायतरीच काय बोलते ही! मी नाय ओळखत या मॅडमना. माझी मुलगी वेगळी. ती... ती गावाला असते."

"बाबा, पुरे."

"नाय ओळखत सर मी. आईशप्पत नाय ओळखत." त्यांनी बेंजो छातीशी घट्ट धरला होता. ज्या बापाला मी रस्त्यावर ओळखलं नाही, तो माझ्या मार्कांसाठी भर वर्गात मला ओळखत नव्हता. मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला, सरांना दिसू नये म्हणून.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नियम सगळ्यांना सारखा आहे, श्रुतिका," ते हळू आवाजात म्हणाले. "बाद नाही करत मी. तू आपणहून सांगितलंस. पण वीस मार्क जातील."

"चालेल सर," मी म्हटलं.

बाबांना चाललं नाही. त्यांनी बेंजो बाकावर ठेवला आणि दोन्ही हात जोडले.

"सर, वीस नका हो कापू," ते म्हणाले. "मार्क गेले की दोन-दोन दिवस जेवत नाय ती. आणि मग आमच्या घरात कोणच जेवत नाय."