चुन्याची निवळी

माझी बहीण लिओना न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना तिनं मला जवळ बोलावलं.

"अल, रोज संध्याकाळी टाकीत चुन्याचं पाणी. बाकी कशाला हात लावायचा नाही. ऐकलंस?"

"ऐकलं."

"आणि अडलंच तर डेझमंडला फोन कर. पुस्तकं उघडून बसू नकोस, ग्रंथपालसाहेब."

स्ट्रेचर धरणारे दोघे हसले. मीही हसलो.

टोलीडोतल्या त्या घरात आम्ही भावंडं सव्वीस वर्षं राहत होतो. दोघांचंही लग्न झालं नाही. ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती, मी वाचनालयात. बैठकीच्या खोलीत तिची सहा फुटी खाऱ्या पाण्याची टाकी होती आणि टाकीत एकच मोठं प्रवाळ. अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून चौदा वर्षांत तिनं ते वाढवलं होतं. आता माझ्या कवेत मावलं नसतं. प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम घेऊन आपला सांगाडा बांधतं, म्हणून ते पाण्याला रोज परत द्यावं लागतं. लिओना जुन्या रीतीनं द्यायची. बरणीत चुना कालवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी रात्रभर थेंब थेंब टाकीत सोडायची. तिचं माप म्हणजे चहाचा चमचा.

सहा दिवस मी तसंच केलं. सातव्या दिवशी खणात तिची पाणी तपासायची पेटी सापडली. नुसतं बघावं म्हणून नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब मोजत टाकले. कॅल्शियमचा आकडा आला तीनशे चाळीस. पेटीतल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, चारशे ते साडेचारशे हवा.

हॉस्पिटलमध्ये मी तिला सांगितलं.

"आकडा मरू दे," ती म्हणाली. "फांद्यांची टोकं निळी आहेत ना?"

"आहेत."

"मग झालं तर. तू जेवतोस ना वेळेवर?"

पण मला चैन पडेना. मी तीन पुस्तकं आणली. एकात चुन्याचीच रीत होती. दुसऱ्यात दोन बाटल्यांची, एकीत कॅल्शियम आणि दुसरीत त्याचा जोडीदार क्षार. तिसऱ्यात एक यंत्र होतं, ते प्रवाळांचा जुना चुरा विरघळवून पाण्यात सोडायचं. मी बाटल्या निवडल्या. बाटल्यांवर आकडे होते, एवढंच कारण. आकडा कॅल्शियमचा कमी होता, म्हणून त्याच बाटलीवर भर दिला.

डेझमंडकडेही अशीच टाकी होती; त्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता. दोनदा फोन उचलला आणि ठेवला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एवढंही कळत नाही, असं त्याला वाटलं असतं.

तीन आठवड्यांत आकडा जेमतेम हलला. मी माप वाढवलं. काचेवर पांढरी साय धरली. प्रवाळ बुडाशी फिकट पडलं, तेव्हा मला वाटलं ते भुकेलंय, म्हणून आणखी दिलं. मग एका सकाळी त्याची कातडी सुटून पाण्यात तरंगताना दिसली आणि मी डेझमंडला फोन केला.

तो सिटी बस दुरुस्त करायचा. कामावरच्या कपड्यांतच आला, स्वतःची पेटी घेऊन. त्याच्या नळीत आकडा आला सहाशे दहा.

"असं कसं?" मी म्हणालो. "माझा तर तीनशे पन्नास..."

त्यानं माझी औषधाची बाटली उलटी करून तळ दाखवला. "तारीख बघा, अल. ह्या औषधाची मुदत पाच वर्षांपूर्वीच संपलीय. खोटं बोलतंय ते."

"पण लिओनाच्या खणात होती."

"लिओना कित्येक वर्षांत काही मोजत नाही हो! ती फांद्या बघते." तो थांबला. "मला का नाही विचारलंत? चार गल्ल्या पलीकडे तर राहतो मी."

आम्ही आठवडाभर पाणी बदलत राहिलो. प्रवाळ टोकापर्यंत पांढरं झालं.

इकडे लिओनाच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. ती घरी येणार नाही, हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मी आत गेलो तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "टोकं?"

'निळी आहेत' हे दोन शब्द मी वाटेत घोकले होते.

"मेलं ते, लिओना. मी मारलं."

सगळं सांगितलं. तिनं एकदाही मध्ये अडवलं नाही, तेच मला जड गेलं.

"डेझमंडला फोन नाही केलास."

"नाही."

"का रे?"

"लाज वाटली."

"चौदा वर्षं, अल," ती म्हणाली आणि तिनं तोंड भिंतीकडे केलं. नर्स आली तेव्हा तिला म्हणाली, "ह्याला घरी पाठवा. अंधारात गाडी चालवता येत नाही त्याला."

पुढच्या मंगळवारी ती गेली. मधल्या दिवसांत बोलली, पण गॅसच्या बिलाबद्दल, शेजारणीच्या परत द्यायच्या भांड्याबद्दल. टाकीचं नाव नाही.

अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये कोबीच्या पानातल्या खिम्याचं जेवण होतं. माझ्यासमोर एक बाई येऊन बसली, ग्वेन. "लिओनाचं प्रवाळ अकरा घरांत आहे," ती म्हणाली. "तिनंच तुकडे वाटलेले. एखाद्याचं प्रवाळ मेलं की आपण तुकडा परत द्यायचा, अशी रीत आहे आम्हा टाकीवाल्यांत. तुमच्याकडे कधी आणू?"

"मला देऊ नका."

तिनं आग्रह केला नाही. "मग बघायला तरी या."

रविवारी गेलो. तिनं टाकीसमोर खुर्ची ठेवली होती. फांद्या पाण्याच्या वरच्या कडेला टेकत आल्या होत्या.

"लिओना आली की नेहमी सांगायची, हे तिच्याकडच्यापेक्षा रंगानं उजवं की डावं," ग्वेन म्हणाली. "आता तुम्ही सांगा."

मी बराच वेळ बघितलं. मला सांगता येईना. घरी माझी खुर्ची चौदा वर्षं टाकीकडे पाठ करून होती. वाचायला टाकीच्या दिव्याचाच उजेड चांगला पडायचा.