व्हरांड्यातल्या मुलाखती

रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात विकास अभ्यास हा विषय शिकवणाऱ्या डॉ. कौसर मुकादम यांच्या हातावर त्या सोमवारी स्टाफरूममध्ये कुणीतरी पेढा ठेवला, आणि तो काही केल्या त्यांना गिळवेना.

पेढा ज्ञानेश्वरी शिगवणच्या नेमणुकीचा होता. महाविद्यालयात नवं युवा रोजगार केंद्र सुरू होत होतं. दिव्यांग मुलामुलींना शिक्षणानंतर नोकरीपर्यंत पोचवायचं, हे त्याचं काम. कौसरनी पंधरा वर्षं याच विषयाला वाहिली होती. देवरूखपासून गुहागरपर्यंत गावोगाव फिरून पाहण्या केल्या होत्या, दोन पुस्तकं लिहिली होती, दिल्लीच्या परिषदांत निबंध वाचले होते. केंद्रप्रमुख आपणच होणार, हे त्यांनी मनाशी धरूनच ठेवलं होतं. निवड झाली ती ज्ञानेश्वरीची. वय बत्तीस, जन्मापासून दृष्टी नाही, देवरूखजवळच्या एका वाडीतली, आणि एकेकाळची कौसरचीच विद्यार्थिनी.

"मॅडम, तुमच्यामुळेच मी इथवर आले," ज्ञानेश्वरी त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली.

"छान झालं हो," कौसर म्हणाल्या. मनात मात्र दुसरंच चाललं होतं. हिला काय, दिसत नाही म्हणून ही जागा दिली असेल. फोटो चांगला येईल ना वर्तमानपत्रात.

हा विचार आला आणि त्या स्वतःच दचकल्या. असं बोलणाऱ्या लोकांविरुद्धच तर त्यांनी आख्खं एक प्रकरण लिहिलं होतं. पण विचार गेला नाही. पुढचे आठ दिवस तो त्यांच्यासोबत वर्गात आला, जेवायला बसला. ज्ञानेश्वरीच्या काठीचा आवाज कॉरिडॉरमध्ये ऐकू आला की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. प्राचार्य तिचं नाव घेऊ लागले की त्या चष्मा पुसायला लागायच्या.

केंद्राचा पहिला कार्यक्रम पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी ठरला. शहरातल्या एका हॉलमध्ये चार कंपन्या येणार आणि दिव्यांग उमेदवारांच्या मुलाखती घेणार. गुरुवारी हॉलच्या व्यवस्थापकाचं हाताने लिहिलेलं पत्र आलं, तेही सवयीने कौसरच्या नावावर. तळमजल्याच्या आतल्या दालनात फरशीचं काम निघालं आहे, कार्यक्रम पहिल्या मजल्यावर घ्यावा लागेल. लिफ्ट नाही.

कौसरनी पत्राचा मोबाइलवर फोटो काढला आणि एक अक्षरही न लिहिता ज्ञानेश्वरीला पाठवून दिला. पाठवलं नाही, असं कुणी म्हणायला नको.

दहा मिनिटांत तिचा फोन आला. "मॅडम, तुम्ही पाठवलेलं माझ्या मोबाइलला वाचता येत नाहीये. हाताने लिहिलेलं आहे का? काही महत्त्वाचं?"

"नाही गं. हॉलवाल्यांचं नेहमीचंच पत्र."

 फोन ठेवल्यावर त्यांनी तो पुन्हा लावला नाही. होऊ दे एकदा फजिती, त्यांना वाटलं. कळू दे सगळ्यांना, अनुभव म्हणजे काय असतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचे पती मुसा अंगणात झाडांना पाणी घालत होते. मुसांनी पंचवीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली होती. बायकोचा चेहरा त्यांनी आठवडाभर पाहिला होता.

"कौसर, तुझं दुखतंय कुठे, ते तरी सांग."

"मी शिकवलं तिला. पहिल्या वर्षाच्या सगळ्या नोट्स मी तिला टाइप करून दिल्या. आज ती माझी साहेब होणार?"

"तू पंधरा वर्षं काय सांगत फिरलीस? या मुलांना संधी द्या म्हणूनच ना? आता दिली कुणीतरी."

"संधी द्या म्हटलं होतं. माझ्या डोक्यावर बसवा नव्हतं म्हटलं."

"म्हणजे ती तुझ्या पुस्तकात असलेली चालते, तुझ्या खुर्चीत नको."

मुसांनी पाण्याचा नळ बंद केला.

"माझ्या हाताखाली शिकलेला एक पोरगा माझ्या आधी चीफ इंजिनियर झाला होता," ते म्हणाले. "दोन महिने मी त्याच्याशी धड बोललो नाही. एक दिवस तेलाचा दाब उतरताना मला दिसला. मी पाच मिनिटं त्याला सांगितलं नाही. बघू दे म्हटलं, त्याला कळतंय का. मग सांगितलं, काही बिघडलं नाही. पण ती पाच मिनिटं मी अजून विसरलो नाही. खाली माणसं काम करत होती, कौसर."

कौसरना वाटलं, आत्ता सांगून टाकावं. त्या उठून आत गेल्या, मोबाइल हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला.

शनिवारी सकाळी हॉलच्या दारात गुहागरहून आलेली रिक्षा थांबली. त्यातून काशीराम उतरले आणि त्यांनी लेकीची चाकाची खुर्ची खाली काढली. सानवी बी.कॉम. झालेली, हिशोबाच्या संगणकी कामात तरबेज. पहाटे पाचला घरून निघाली होती. समोर बावीस पायऱ्या बघून तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, मी उचलून नेतो हिला. आमाला सवय हाय," काशीराम दारात उभ्या असलेल्या कौसरना म्हणाले.

"थांबा, अजून दोघांना बोलावते," कौसर घाईने म्हणाल्या. पंधरा वर्षं त्यांनी हेच केलं होतं. माणसं बोलवायची, खुर्ची उचलायची, वर न्यायची.

"मला उचलू नका," सानवी हळू आवाजात म्हणाली. "वर सगळे बघत असतील. तशी गेले तर मला बोलताच येणार नाही."

तेवढ्यात काठी टेकत ज्ञानेश्वरी जिन्यावरून खाली आली. ती नुकतीच पोचली होती, आणि पायऱ्या चढतानाच पत्रात काय होतं ते तिला उमगलं होतं. तिने सानवीचं बोलणं ऐकलं आणि पुन्हा वर गेली. कौसर तिच्या मागोमाग गेल्या.

"साहेब, मुलाखती खाली व्हरांड्यात होतील," तिने कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना सांगितलं.

"अहो, इथे सगळी मांडामांड झालीय. एकाच मुलीसाठी?"

"उमेदवाराला जिथे पोचता येत नाही, तिथे मुलाखत कशी होणार? टेबलं हलकी आहेत. तुम्हा सगळ्यांना जिना उतरता येतो."

मग अधिकाऱ्यांपैकी एकाने खुर्ची उचलली. दहा मिनिटांत चारही टेबलं व्हरांड्यात लागली. कौसर जिन्यात तशाच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना हे एकदाही सुचलं नव्हतं! माणसाला उचलण्याऐवजी टेबल खाली आणावं, इतकी साधी गोष्ट.

सानवी अर्धा तास बोलली. शेवटी तिनेच अधिकाऱ्यांना विचारलं, "तुमच्या ऑफिसला पायऱ्या किती?" तीन, ते म्हणाले, आणि तिच्या रुजू होण्याआधी उतार बांधून घेऊ.

दुपारी सगळे गेल्यावर कौसर ज्ञानेश्वरीजवळ बसल्या.

"ते पत्र या जिन्याचंच होतं," त्या म्हणाल्या.

"इथे आल्यावर लक्षात आलं. मला वाटलं, घाईत तुम्ही नीट वाचलं नसेल."

"मी वाचलं होतं. तुझी फजिती व्हावी म्हणून बोलले नाही. मला तुझा मत्सर वाटत होता, ज्ञानेश्वरी. अजूनही थोडा वाटतोय."



"माझी फजिती झाली असती तर चाललं असतं," ज्ञानेश्वरी म्हणाली. "सानवी परत गेली असती तर मी तुम्हाला माफ केलं नसतं. आजही लगेच जमेल असं वाटत नाही. पण कारखानदार तुम्हाला ओळखतात, मला नाही. सोमवारपासून माझ्याबरोबर याल?"

"येईन. तू सांगशील ते काम करीन."

सोमवारी कौसर खरंच गेल्या. केंद्राच्या पाटीवर ज्ञानेश्वरीचं नाव होतं, ते वाचताना आत थोडं खुपलं. तरी त्यांनी कागद पुढे ओढले आणि जुन्या संपर्कांची यादी टाइप करायला घेतली.

वाचकहो, दुर्बळाला हात द्यायला आपल्यातले पुष्कळ जण तयार असतात. कारण हात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. ज्याला हात दिला तोच उद्या आपल्या शेजारी किंवा आपल्या वर येऊन बसला, तर आपल्याला आनंद होईल का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं. होत नसेल, तर आपण केली ती दया होती. समान संधी आपण अजून दिलेलीच नाही.